आईला प्रश्न विचारू दिल्याबद्दल

डॉक्टर मॅडम,

आईचं पित्ताशय तुम्ही दुर्बिणीतून काढलंत, टाके छान भरले, ती हिंडूफिरू लागली. त्याबद्दल आभार आहेतच. पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. पहिल्या भेटीत तुम्ही स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात आणि आम्हा भावंडांना बाजूला ठेवून तिलाच म्हणालात, "मावशी, तुम्हाला काय विचारायचंय?"

तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. आधीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट वरवर चाळला आणि मान वर न करता सांगून टाकलं, "पोट उघडावं लागेल." दुर्बिणीचं काढलं तर म्हणे, ही नवी फॅडं. नवी! जर्मनीत एरिश म्यूहे यांनी १९८५ सालीच दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं. तेव्हा तिथल्या सर्जन मंडळींनी त्यांना उडवूनच लावलं, आणि १९९२ मध्ये त्यांच्याच संघटनेने म्यूहेंचा सन्मान केला. आमचे डॉक्टर बहुधा अजून १९८५ मध्येच आहेत.

तर आई जरा घुटमळली, मग म्हणाली, "पिशवीच काढलीत तर खाल्लेलं पचायचं कसं?" आम्हाला हसू फुटलं. तुम्ही हसला नाहीत. पित्त यकृतात तयार होतं, पिशवी नुसती साठवते, ती गेली तरी ते थेट आतड्यात उतरत राहतं, हे तिला पटेपर्यंत सांगितलंत. रिपोर्टच्या पाकिटावर चार ठिपके काढलेत, पाच ते दहा मिलिमीटरच्या छेदांचे. आणि शेजारी, बरगडीखाली, एक लांब रेघ. "आत फार चिकटलेलं असलं, नीट दिसेना, तर हट्ट करणार नाही. हा चिरा घेईन." खरं सांगू, त्या रेघेमुळेच आमचा भरवसा बसला. नुसते फायदे सांगणारे पुष्कळ भेटतात.

ऑपरेशनच्या रात्री तिचा खांदा ठणकायला लागला. मी घाबरून सिस्टरना बोलवायला निघाले, तर तीच म्हणाली, "बस गं. पोट फुगवायला गॅस भरतात ना, त्याचं दुखणं खांद्यात येतं. मॅडम बोलल्या होत्या."

माणसाला माणूस समजून बोलायला मशीन लागत नाही, वेळही फार जात नाही. तरी ते किती दुर्मीळ झालंय!

पुढच्या तपासणीला आई येते आहे. प्रश्नांची यादी तयार आहे तिची, आणि ती आम्हालाही दाखवत नाही.