पाहुण्यांना तिकडं ने, पण चटणी घरचीच

सोलापूर,
गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यानंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

सासरची मंडळी पहिल्यांदाच सोलापूरला येणार, त्यांना 'सोलापुरी जेवण' हवंय, तेव्हा त्या नव्या हॉटेलात न्यावं का, असं तू फोनवर विचारलं होतंस. 'बघून सांगतो' म्हणालो होतो. काल सीनूला घेऊन जाऊन आलो. सांगण्यासारखं बरंच आहे, आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

विजापूर रोडला, सैफुलच्या पुढं झालंय ते. हल्ली असल्या हॉटेलांच्या नावात वाडा, चूल नाहीतर माती यातलं एक लागतंच. इथंही आहे. सीनू तयारच होईना. "हाटेलात जाऊन भाकरी खायची? घरी काय संप हाय का बे?" त्याचंही खरंच आहे म्हणा. आपल्या कॉलेजच्या दिवसांत बाहेर जेवायचं म्हणजे पनीर आणि नान. हॉटेलात बसून भाकरी मागवली असती तर आईनं विचारलं असतं, माझ्या हाताला काय झालंय? आणि कडक भाकरी तर प्रवासाची. रेल्वेत पिशवी उघडली की डब्यातल्या सगळ्यांना कळायचं, ही माणसं सोलापूरची.

आत गेलो तर समोरच्या भिंतीवर जुन्या गिरणीचा भला मोठा फोटो, खाली 1877 साल. सीनूचे आजोबा तेलंगणातून आले ते त्याच गिरणीत लागले होते. पण त्यानं फोटोकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचं लक्ष शेजारच्या खिळ्यांवर टांगलेल्या, मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यांकडं. लाकडी, टोकाला पितळ लावलेले, पॉलिश करून चकचकीत केलेले. ऑर्डर द्यायच्या आधीच गडी उठला, एक धोटा काढून हातात घेतला, आतली सुताची कांडी उचकटली आणि फिरवून बसवली. वेटर पळत आला. "सर, ते डेकोरेशन आहे." सीनू म्हणाला, "असू दे की, पण कांडी उलटी घातल्यावर सूत कुठनं सुटणार?" मग बाकीच्याही सरळ केल्या. अख्खं हॉटेल बघत होतं. मी मेनूकार्डात डोकं घातलं.

ताटाखाली चादरीचे तुकडे शिवून केलेले मॅट आहेत, हात पुसायला छोटे टर्किश नॅपकिन. नॅपकिनची कल्पना मला आवडली. कागदापेक्षा शंभर पटीनं बरी, आणि आपल्याच गावचा माल. चादरीच्या मॅटवर मात्र आमटी सांडली की ते कोण आणि कसं धुणार, कोण जाणे. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत असल्यासारखा सगळा थाट!

आता मुद्द्याचं. त्या हॉटेलात जाण्यासारखं जे आहे ते दारापाशीच आहे. काचेच्या पलीकडं मातीच्या दोन चुली मांडल्यात आणि तिथं अक्कलकोटकडची एक मावशी भाकरी थापत असते. शेजारच्या पोरीशी कन्नडमध्ये, गिऱ्हाइकाशी मराठीत, दोन्हीकडं सारखाच दरारा. आमचा नंबर यायचा होता म्हणून मी तिथंच उभा राहिलो. परातीत पीठ, मधे आळं, त्यात उकळीचं पाणी. आधी उलथन्याच्या टोकानं कालवलं, मग तळव्याच्या मुळानं असं रगडलं की गोळा परात सोडून हाताला येईना तोवर थांबलीच नाही. उजव्या हातानं थापत, डाव्या हाताच्या बोटांनी कड आवळत भाकरी फिरत होती, आणि कडेला एक चीर नाही. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकायच्या बेताला उलटली, आणि मग तवा बाजूला सारून इंगळावर. टम्म. पापुद्रा सुटला तो डोळ्यांदेखत.

मी म्हटलं, "मावशी, पीठ कुठलं?" तिनं भिंतीकडं बोट केलं. पाटी होती: मंगळवेढ्याची मालदांडी. या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही पाटीवर लिहिलंय. पण मावशीचं उत्तर पाटीपेक्षा चांगलं होतं. "ज्वारी कुठली का आसंना, पीठ ताजं पायजे. विरी गेलेलं पीठ आणलं तर मी हात धुऊन घरी जाते." तुझ्या सासूबाईंना या मावशीसमोर उभं कर. पुण्यात भाकरी तुटते म्हणून त्या ज्वारीला नावं ठेवतात ना, त्याचं उत्तर मिळेल. आणि तेवढ्यात तू ज्ञान पाजळून घे: परतीचा पाऊस सरता सरता पेरायची, नंतर थेंब पडला नाही तरी काळ्या रानाच्या ओलीवर आणि थंडीत उभी राहते, म्हणून ती इतकी पांढरीशुभ्र आणि गोड. जावयानं अधूनमधून असं काहीतरी बोलावं.

जेवणाचं सांगतो. सीनूनं कार्ड वाचता वाचता एकदम भुवया उंचावल्या. 'पुंटीकूर पप्पू'. आपल्या गावात अर्धा पूर्वभाग तेलुगू बोलतो, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते, पण हॉटेलाच्या कार्डावर त्यांच्या घरातली अंबाडीची डाळ मी तरी पहिल्यांदाच पाहिली. 'सोलापुरी' म्हणून जे विकतात ते नेहमी आमच्या घरातलं असतं, सीनूच्या घरातलं कधीच नसतं. त्यानं मागवली, पण चेहऱ्यावर परीक्षक बसलेला. आली. पहिला घास. "आंबट बरोबर हाय." दुसरा घास. "लसूण जरा अजून तांबूस पायजे होता." मग बोलणं बंद आणि दुसरी वाटी मागवली. आईच्या हातचं आठवलं वगैरे काही म्हणाला नाही, त्याची आई घरी धडधाकट आहे आणि परवाच तिनं केली होती.

कडक भाकरी मात्र या लोकांनी चिप्ससारखी करून टाकलीय. तुकडे करून वेताच्या टोपलीत, सोबत दह्याचं कसलंसं पांढरं डिप. शेजारच्या टेबलावरची पोरं बुडवून खात होती आणि फोटो काढत होती. सीनूनं सगळी टोपली पप्पूच्या वाटीत चुरली, वर कच्चं तेल मागवलं, थोडं भिजू दिलं आणि एक चमचा माझ्या ताटात वाढला. पाहुण्यांना तसंच खायला लाव.

वेळ अमावस्येची भज्जी कार्डावर आहे, 'बाराही महिने'. तिच्या नादी लागू नकोस. अरे, भज्जी म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला रानात जे जे कोवळं असेल ते: तुरीचे दाणे, हरभरा, पावटा, वाटाणा, चार पालेभाज्या, आणि सगळ्याला बांधणारं बेसन. यांच्यात होता फ्रीजमधला वाटाणा आणि फरसबी. फरसबी! आंबील मात्र झकास, मातीच्या पेल्यात, लसूण ठेचून घातलेली. ती घ्या.

आणि शेंगाचटणी. हिच्यासाठी खरं तर पोलिसात तक्रार करायला हवी. मिक्सरमधून फिरवलेली भुकटी, तिखट नावाला, आणि जिभेला चक्क साखर लागली. सोलापुरात! चटणीला उखळ नाहीतर कुटायचा डंकाच लागतो. कुटता कुटता शेंगदाण्याचं तेल सुटतं, लसूण त्यात मुरतो आणि चटणीचा मुठीत लाडू वळतो. मी वेटरला विचारलं तर म्हणाला, "सर, बाहेरच्या लोकांना तिखट चालत नाही." बाहेरची माणसं आपली चटणी खायलाच येतात ना इथं? मग त्यांना गोड करून का घालायची? सीनू म्हणाला, "भांडू नको, त्याला पगार चटणीचा मिळत न्हाई."

मटण आम्ही घेतलं नाही. शेजारी आलेलं बघितलं. तर्री लालभडक, काळ्या मसाल्याचा वास नाही. मटण खायचं तर शहरात सावजी लोकांच्या खानावळी आहेत, तिथं स्टीलच्या ताटात खा. तुझे सासरे अशा ठिकाणी बसतील का, ते तूच बघ. माझ्या मते बसतील. लग्नात मी त्यांना जेवताना पाहिलंय.

बिल दोघांचं हजाराच्या आत आलं. भाकरीला जी किंमत लावलीय ती बघून सीनू बराच वेळ हिशेब करत होता की त्यात घरी किती होतील. पण मावशीला पगार बरा आहे म्हणे, आणि जेवणाची सुट्टी मिळते. मी विचारून घेतलं. तेव्हा मी गप्प बसलो.

तर ने त्यांना, बिनधास्त ने. शनिवारी संध्याकाळी नको, दारात रांग असते. दुपारी बारा-साडेबाराला गेलास तर चूल ताजी असते आणि मावशी बोलायच्या मनःस्थितीत असते. मागवायचं ते एवढंच: चुलीवरची भाकरी, पुंटीकूर पप्पू, आंबील, आणि कडक भाकरी डिपशिवाय. सीनू म्हणतो, मी येतो, नाहीतर तू त्यांना पप्पू बोटानं चाखवशील.

चटणीचं मी बघतो. आईनं शेंगा भाजून ठेवल्यात, उद्या डंकावर जाणार आहे. किलोभर बांधून ठेवतो, त्यातली वाटीभर खिशात घालून हॉटेलात घेऊन ये, कुणी काही म्हणत नाही. हुतात्मा एक्सप्रेसनं येणार असशील तर आधी कळव, रात्री स्टेशनवर रिक्षावाले भाव वाढवतात, सीनूचा टेम्पो घेऊन येऊ. आणि वहिनींना सांग, दोन रिकामे डबे आणा. मागच्या वेळचे अजून तुमच्याकडंच आहेत.

तुझा,
नान्या