आधी खालची नळी बघ

प्रिय दिग्या,

तुझ्या तीन पत्रांना माझं एकही उत्तर नाही. शिव्या राखून ठेव, भेटलो की खाईन. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलो ते तू घ्यायला निघालेल्या त्या जुन्या इंग्लिश बीएसए मोटरसायकलच्या फोटोंमुळे. 'रॉकेट गोल्ड स्टार, १९६२ची, नंबर जुळतात, पुढच्या आठवड्यात पैसे देतोय.' नंबर जुळतात म्हणजे कशाशी जुळतात रे?

आपलं जुनंच भांडण आहे हे. बापूच्या ओट्यावर रात्री दोनपर्यंत घातलेलं, तरी तुझा हेका तोच. बीएसएच्या त्या गाड्यांत इंजिनाची मालिका वेगळी, फ्रेमची वेगळी. दोन्हीकडे एकच आकडा दिसला तर मीच आधी पळ काढीन. तुझ्या डोक्यात ट्रायम्फ बसलीय. ट्रायम्फच्या १९६३पासूनच्या युनिट (इंजिन-गिअरबॉक्स एकाच खोक्यातल्या) बॉनव्हिलला इंजिन-फ्रेम एकच नंबर, खरं आहे. पण व्हिन्सेंटच्या बी आणि सी मालिकेतल्या व्ही-ट्विनमध्ये फ्रेमचा आकडा इंजिनापेक्षा १९००ने मोठा. होंडा सीबी ७५०मध्ये तर दोन्ही आकडे सहसा एक नसतात. ज्याच्या-त्याच्या कारखान्याची रीत.

आता तुझ्या गाडीकडे येतो. रॉकेट गोल्ड स्टार निघाली फक्त १९६२ आणि १९६३मध्ये. तिची गोम अशी, की नकली गाडी उभी करायला नकली भाग लागतच नाहीत. बीएसएच्याच सुपर रॉकेटचं दोन सिलिंडरचं ६४६ सीसी इंजिन घ्यायचं, एका सिलिंडरच्या गोल्ड स्टारच्या फ्रेममध्ये बसवायचं, गोल्ड स्टारचाच आरआरटी२ गिअरबॉक्स मिळाला तर तोही. नट न् नट बीएसएचा, आणि तरी ही गाडी कारखान्यातून कधी निघालेलीच नाही. म्हणून एकेक भाग दाखवून 'हे बघा ओरिजिनल' म्हणणाऱ्याशी वाद घालू नकोस. तो खरंच बोलतोय, फक्त उत्तर भलत्याच प्रश्नाचं देतोय.

इंजिनाच्या नंबराच्या सुरुवातीला डीए१०आर दिसेल. दिसू दे. सुपर रॉकेटवरही तेच असतं, तेव्हा एकट्या त्याच्यावरून काही ठरत नाही. खरी परीक्षा फ्रेमची. तिथे जीए१० हवं. जीए७ असेल तर ती साध्या ए१०ची, म्हणजे बीएसएच्या नेहमीच्या दोन सिलिंडरवालीची फ्रेम, सीबी३२ असेल तर गोल्ड स्टारची.

पण नंबर वाचायच्याही आधी उजव्या बाजूला जमिनीवर आडवा हो. (कपडे मळतील. वहिनीला माझं नाव सांग.) इंजिनाच्या खालून जाणारी फ्रेमची नळी बघ. एका सिलिंडरच्या गोल्ड स्टारचा तेलपंप त्या बाजूला खाली पोट काढून बसतो, त्याला जागा द्यायला ती नळी तिथे वाकवलेली असते. दोन सिलिंडरच्या इंजिनाला त्या वाकाची गरजच नाही, म्हणून खऱ्या रॉकेट गोल्ड स्टारची नळी सरळ. वाक दिसला की विषय संपला, चहासुद्धा घेऊ नकोस. मात्र उलटं खरं नाही हं. नळी सरळ आहे म्हणून गाडी खरी असं होत नाही. जीए७ फ्रेमचीही नळी सरळच असते. शिवाय त्या जागी कापून तुकडा जोडलाय का, तेही बोट फिरवून बघ. रंगाच्या खाली वेल्डिंगचा उंचवटा नखाला लागतो.

मग नंबर. इंजिनाचा नंबर डाव्या क्रँककेसवर, सिलिंडरच्या पायाशी. रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रश, बस्स. तारेचा ब्रश अजिबात नको, तो पुरावाच खरवडून टाकतो. टॉर्च समोरून मारू नकोस. पृष्ठभागाला टेकवून आडवा धर, म्हणजे कानशीचे ओरखडे सावली टाकतात. नंबराखालची जागा आजूबाजूच्या ओतीव धातूपेक्षा गुळगुळीत किंवा खोलगट वाटली तर कोणीतरी घासलंय. कारखान्यात आकडे पंच ठोकून पाडलेले, त्यामुळे एखादा जरा वरखाली, एखादा जास्त खोल. पट्टी लावल्यासारखी सरळ ओळ आणि सगळे आकडे सारख्या खोलीचे, हे मला भीतीदायक वाटतं. फ्रेमच्या नंबरालाही हेच. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा घे आणि जीए७चं जीए१० केलंय का ते निवांत भिंगातून बघ.

तुझ्या मेहुण्याच्या बॉनव्हिललाही हेच लागू. ट्रायम्फच्याच एका कार्ब्युरेटरच्या टीआर६ला दोन कार्ब्युरेटरचं हेड बसवलं की दिसायला टी१२०, म्हणजे बॉनव्हिल, तयार. मग उरतो फक्त नंबर. त्याची गाडी १९६९ किंवा पुढची असेल तर काम सोपं: ट्रायम्फने तेव्हापासून नंबराच्या जागी आपल्या नावाची बारीक बारीक छाप पाडून ठेवली. घासलं की छाप गेली.

बाकी गोष्टी किमतीच्या घासाघिशीसाठी. ल्युकासच्या मॅग्नेटो-डायनॅमोवर (ठिणगी आणि वीज देणारे ते डबे) महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. ते गाडीच्या थोडं आधीचं हवं. नंतरचं असेल तर भाग बदललाय, पण तेवढ्यावरून गाडी खोटी ठरवू नकोस. स्मिथ्सच्या क्रोनोमेट्रिक, म्हणजे घड्याळासारखं यंत्र असलेल्या, वेगाच्या मीटरचा काटा टप्प्याटप्प्याने उडतो. लोण्यासारखा सरकला तर जुन्या डबीत आत नवं यंत्र. (हो, तुला तो काटा 'बिघडलेला' वाटला होता. विसरलेलो नाही मी.) आणि एक पाना सोबत ने: इंजिनावर मिलिमीटरचा पाना चपखल बसणारे बोल्ट सापडले तर ते बहुधा १९६२चे नव्हेत. चकचकीत रंग, क्रोम, सीट यांच्यावर एक मिनिटही घालवू नकोस. ते सगळं नवं मिळतं.

शेवटचा शब्द कारखान्याच्या वहीचा. इंग्लंडच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे बीएसएच्या पाठवणीच्या नोंदी आहेत. इंजिन आणि फ्रेम दोन्हींचे नंबर पाठव. दोघं एकाच ओळीत, एकाच दिवशी बाहेर पडलेले असले पाहिजेत. विकणारा 'एवढा वेळ नाही, दुसरं गिऱ्हाईक आहे' म्हणाला, तर त्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा दे.

एक कबूल करतो. नीट जोडलेली नकली गाडीही झकास पळते, आणि 'ही जोडलेली आहे' असं सांगून त्या भावात कोणी दिली तर मीच म्हणेन, घे. खऱ्याचे पैसे मोजून नको, एवढंच.

चिमीचं अभिनंदन, नोकरी कुठे लागली ते नीट लिही. घराचं छत झालं का? सुध्या भेटला तर त्याला यातलं काही सांगू नकोस, तो स्वतःच ती गाडी बघायला धावेल.

पैसे द्यायच्या आधी मला तीन फोटो हवेत: फ्रेमचा नंबर, इंजिनाचा नंबर, आणि ती उजवी नळी, खाली झोपून काढलेली.

तुझा,
अव्या