खाऱ्या वाऱ्याची वेळ

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी मी सायकलने समुद्रकाठच्या गावी जाऊन त्याच दिवशी परत आले. जाऊन-येऊन ८४ किलोमीटर झाले आणि मी सुखरूप आहे. ‘एवढ्या लांब एकटीने कशाला?’ असे विचारताना आईचा आवाज फोनवर कातर झाला होता, आणि त्या घाईत मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे.

आई, या सहलीचे वेळापत्रक खरे तर तूच आखून दिले होतेस. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, हे तू शाळेच्या वयात माझ्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलेस की आजही ते झोपेत विचारले तरी सांगता येईल. त्यावरून मी ठरवले, की पहाटे पाचला दिवे लावून निघायचे, ऊन तापायच्या आत समुद्र गाठायचा आणि परतताना दुपारचा खारा वारा पाठीशी घ्यायचा. मतलई वारा तसा क्षीणच असतो, त्याची फारशी मदत होणार नव्हती. पण निदान समोरून तरी वारा नको, एवढाच हेतू होता.

हा बेत तिसाव्या किलोमीटरला मोडला. मागचे चाक डगमगू लागले, उतरून पाहिले तर टायर बसलेला. बाबा, तुम्ही अंगणात बादलीभर पाणी घेऊन शिकवलेले सगळे हातांना आठवत होते. ट्यूब काढली, हवा भरून गालाजवळून फिरवली तेव्हा एका ठिकाणी बारीक फुंकर लागली. ती जागा पॉलिश पेपरने घासली, सोल्यूशन लावून ते पुरते सुकू दिले आणि मग पॅच दाबून बसवला. ट्यूब परत घालणार एवढ्यात ‘आधी टायरच्या आतून बोट फिरव’ हे तुमचे वाक्य आठवले. बोट हळूहळू फिरवत नेले, तर अर्ध्यावर काहीतरी टोचले. बाहेरून अजिबात न दिसणारे बाभळीच्या काट्याचे टोक होते, तांदळाच्या कणीएवढे. ते तसेच राहिले असते तर पुढच्या किलोमीटरभरातच पुन्हा पंक्चर झाले असते. हवेचा टायरही एका बापानेच आपल्या मुलासाठी केला, हे तुम्हाला ठाऊक असेल. बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी तो घडवला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. रस्त्याच्या कडेला बसून काटा उपसताना मला तुमचीच फार आठवण आली.

या सगळ्यात तासभर गेला आणि खारा वारा मला वाटेतच भेटला. शेवटचे आठ किलोमीटर सपाट, तरीही चढापेक्षा कठीण गेले. चढाला माथा तरी असतो. समोरच्या वाऱ्याला तो नसतो. अंगावर येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला की तिचा विरोध चौपट होतो, त्यामुळे जोर लावून उपयोग नव्हता. गिअर हलका केला, अंग पुढे झुकवले आणि वेगाचा विचार सोडून दिला. अकराच्या सुमारास डांबराच्या कडेला वाळू दिसू लागली आणि एका वळणानंतर एकदम समुद्र समोर आला. तेव्हा पूर्ण ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. सायकल वाळूत नेली नाही. साखळीत वाळू आणि खार शिरला की ती खराब होते, म्हणून ती धक्क्यावर नजरेसमोर ठेवून सावलीत बसले. तीनला निघाले तेव्हा भरतीचे पाणी वर चढत होते आणि त्याच होड्या सरळ उभ्या राहून डुलत होत्या. ते चार तास मी काहीही केले नाही, आणि गेल्या कित्येक महिन्यांत मला इतके शांत वाटले नव्हते.

परतीचा वारा खरोखर पाठीशी होता. वाऱ्याचा आणि आपला वेग जुळला की कानांतला घोंगावणारा आवाज बंद होतो आणि साखळीची बारीक करकर ऐकू येते. मात्र तेव्हा अंगाला वारा लागत नाही, घाम वाळत नाही आणि ऊन अधिक जाणवते, म्हणून तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी पाणी पीत होते. अंधार पडायच्या आत घरी पोहोचले. आई, पुढच्या वेळी पहाटे निघताना आणि परत आल्यावर तुला फोन करीन.

रात्रीच सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून साखळीला तेल दिले. मागच्या ट्यूबला आता तीन पॅच झाले आहेत. ती अजून चालेल की बदलावी, हे बाबांनी अवश्य कळवावे.

तुमची मुलगी