मणक्याचं ऑपरेशन योजनेत, नंतरचं दुखणं वाऱ्यावर

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी परळमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि मणक्याची ऑपरेशनंही त्यात बसतात. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्यानंतरची आहे. योजनेचं पॅकेज डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा फॉलो-अप धरतं. आणि दुखणं ३ महिन्यांहून जास्त टिकलं तरच डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. म्हणजे ऑपरेशननंतर ज्याची कंबर दुखतच राहिली, तो योजनेच्या हिशेबात कधी येतच नाही.

असे लोक थोडे नाहीत. ऑपरेशन कोणतं आणि मोजमाप कसं, यावर आकडा बदलतो. पण जगभरच्या अभ्यासांत १० ते ४० टक्के रुग्णांचं दुखणं मागे राहतं असं दिसतं. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ऑपरेशननंतरच्या जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान आहे. आपल्याकडे मात्र एक्स-रे बघून ‘स्क्रू जागेवर आहेत’ म्हटलं की विषय संपतो. पेनकिलर, सोबत ॲसिडिटीची गोळी, आणि पुढचा नंबर.

मशीद बंदरला माथाडीचं काम करणाऱ्या एका दादांचं सांगते. त्यांचा सगळा दवाखाना एका प्लास्टिकच्या पिशवीत होता: ऑपरेशनच्या आधीच्या एमआरआयच्या फिल्म्स, दोन एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड. कार्डावर मोघम लिहिलेलं, एल५-एस१ फिक्सेशन (कमरेचा शेवटचा मणका त्याखालच्या हाडाला स्क्रूने जखडणं) झालं, प्रकृती स्थिर, वजन उचलू नये. माथाडी कामगाराला! नेमकी कोणती नस मोकळी केली, स्क्रू कोणत्या मापाचे घातले, याचा पत्ता नाही. लोकलमध्ये ते उभेच राहायचे, कारण तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीवर टेकलं की कळ यायची. एका रुग्णालयात त्यांना ‘पुन्हा उघडून बघावं लागेल’ असं सांगितलं होतं.

मी आधी विचारलं, ऑपरेशनच्या आधी दुखणारा पाय नंतर काही दिवस तरी बरा होता का? या उत्तरावर पुष्कळ काही ठरतं. पाय एक दिवसही सुटला नसेल, तर नस अजून दबलेलीच असेल, तिला आधीच इजा झाली असेल किंवा मूळ निदानच वेगळं असेल. काही महिने बरा राहून पुन्हा दुखू लागला, तर मणक्यांमधली गादी परत सरकलेली असू शकते, नसेभोवती व्रणाची जाळी धरलेली असू शकते किंवा फिक्स केलेल्या मणक्याच्या शेजारच्या मणक्यावर ताण आलेला असतो. दादा म्हणाले, ‘पायाची वीज गेली मॅडम, ती परत आली नाही. हे दुसरंच आहे.’ आणि एकच बोट माकडहाडाच्या वर, डाव्या खळगीवर ठेवलं. तो कंबरेच्या खालचा, त्रिकास्थी (माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड) आणि खुब्याचं हाड जोडणारा सांधा. खालचे मणके जखडले की त्याच्यावर भार वाढतो. मी तपासलं, तर तो सांधा दाबणाऱ्या चाचण्यांना नेमकी तीच कळ आली. वेदना ओपीडीत एक्स-रे मशीनखाली बघून त्या सांध्यात भुलीचं इंजेक्शन दिलं, तेव्हा त्याचा अंमल होता तेवढा वेळ दुखणं थांबलं. निदान पक्कं झालं आणि दुसरं ऑपरेशन टळलं. खर्च मात्र त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून केला.

प्रत्येकाचं इतकं सरळ नसतं, हेही कबूल. नवीन एमआरआय डाय (शिरेतून दिलं जाणारं, फिल्मवर उठून दिसणारं औषध) टाकून काढावा लागतो, कारण व्रण डाय शोषतो आणि सरकलेली गादी सुरुवातीला शोषत नाही. त्याशिवाय दोन्हींत फरक नीट कळत नाही. मणके जुळले का, हे सीटी स्कॅन सांगतो. ते हलतात का, हे पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेला एक्स-रे सांगतो. रात्री जागवणारं दुखणं, ताप किंवा वजन घटणं असेल तर जंतुसंसर्ग बघायलाच हवा, आणि मुंबईत टीबीसुद्धा. लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी इमर्जन्सी. यातलं काहीच न बघता पुन्हा ऑपरेशन केलं जातं, याचा मला राग येतो. प्रत्येक पुढच्या ऑपरेशनला यशाची शक्यता कमीच होत जाते.

उपचारही बहुतेक साधेच आहेत. नसेच्या दुखण्याला प्रीगॅबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन, डोस हळूहळू वाढवत. वर्ष झालं तरी न सुटलेला कमरेचा पट्टा काढायचा, वाकायची भीती घालवायची, मग चालणं आणि ताकदीचे व्यायाम. झोप आणि मन यांच्याकडेही बघायचं. मज्जारज्जूजवळ बसवायच्या विजेच्या यंत्राला लाखो रुपये लागतात. ते काहींना उपयोगी पडतं, पण माझी मागणी ती नाही, निदान आज तरी.

मुंबईत अडचण अशी की जे.जे. वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, केईएम, सायन, नायर महापालिकेकडे आणि योजना आपल्याकडे. पेशंट ऑर्थो, न्यूरो आणि फिजिओ यांच्यामध्ये केसपेपर घेऊन फिरत राहतो. या तिघांना एकत्र बसवणं आपल्याच हातात आहे.

काही आजारांसाठी फॉलो-अपची वेगळी पॅकेजेस योजनेत आधीपासून आहेत. तसंच एक मणक्याच्या ऑपरेशनला जोडा: ६ आठवडे, ३ महिने आणि वर्षभराने तपासणी, गरज असेल तिथे डायचा एमआरआय, निदानाचं इंजेक्शन आणि फिजिओथेरपीची सत्रं. दुसऱ्या ऑपरेशनला मंजुरी देण्याआधी वेदनातज्ज्ञाचं लेखी मत सक्तीचं करा. सर्जन मंडळींना हे रुचणार नाही, पण ते घ्याच. आणि डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशनची पूर्ण नोंद व इम्प्लांटचा, म्हणजे आत बसवलेल्या स्क्रूंचा, स्टिकर रुग्णाच्या हातात द्या. आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाने, ते तपासूनच फाइल बंद करावी. या शेवटच्या गोष्टीला तर बजेटही लागत नाही, योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीचं एक परिपत्रक पुरे.

आपली,
परळची एक फिजिओथेरपिस्ट