नाव नोंदवलं होतं का?

शिझुओका प्रांत, जपान
१४ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस. हाताला रिटोड्रिनची, म्हणजे कळा थांबवायच्या औषधाची, सलाइन चालू आहे, त्याने बोटं थरथरतात आणि छातीत धडधडतं. तुमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात ड्युवाडिलान द्यायचात ना, त्याचंच भावंड समज. दोन ओळी लिहिल्या की हात उशीवर ठेवायचा, मग पुढच्या दोन. त्यामुळे हे पत्र दोन-तीन दिवसांत मिळून लिहिलेलं आहे.

फोनवर मी तुला "डॉक्टरांनी आराम सांगितलाय" एवढंच म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. बाबा शेजारी होते, स्पीकर चालू होता, आणि तुझा आवाज असा झाला होता की पुढचं तोंडातून निघेना. म्हणून लिहिते. आधी शेवट सांगते, म्हणजे वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको: बाळ ठीक आहे, मी ठीक आहे, आज ३१ आठवडे पूर्ण झाले.

आम्ही दोन दिवस इझू द्वीपकल्पात गेलो होतो. आमच्या कावासाकीहून ट्रेनने अडीच-तीन तास, समुद्राकाठचं लहानसं गाव. निघण्याआधी आमच्या क्लिनिकमध्ये तपासणी झाली होती, सगळं व्यवस्थित होतं, डॉक्टर "फार चालू नका" म्हणाले आणि हसले. तू म्हणशील, सातव्यात कशाला उंडारायचं? म्हण. मीही गेले दोन आठवडे स्वतःला तेच म्हणते आहे.

रात्री साडेअकराला पोट दगडासारखं घट्ट व्हायला लागलं. आधी वाटलं, जेवण जड झालं असेल. साडेबाराला बाथरूममध्ये गेले तर लाल. फार नव्हतं, पण लाल होतं. क्लिनिकला फोन लावला. तिथल्या सुईणबाईंनी (इथे त्या रीतसर शिकलेल्या, परवाना असलेल्या असतात, रात्रपाळीला फोन त्याच घेतात) सगळं शांतपणे विचारलं आणि म्हणाल्या, इतक्या लांबून इकडे येऊ नका, जवळच्या रुग्णालयात जा. तसंही त्या वेळी ट्रेन नव्हतीच. आम्ही उतरलो होतो तिथल्या मालकीणबाईंनी नाइटगाउनवरच कोट चढवला आणि स्वतःच्या गाडीतून आम्हाला गावातल्या रुग्णालयात सोडलं. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. घरी गेल्यावर आधी ते शोधणार आहे.

रात्रीच्या दारावर एक म्हातारे पहारेकरी होते. माझ्या पिशवीला ती गुलाबी गोल खूण लटकलेली असते, "पोटात बाळ आहे" सांगणारी, ट्रेनमध्ये लोकांनी जागा द्यावी म्हणून वापरतात. ती बघून ते उठून उभे राहिले. मग विचारलं, "कार्ड?" म्हणजे त्या रुग्णालयाचं पेशंट-कार्ड. नव्हतं. "इथे आधी आलात?" नाही. त्यांनी वर फोन लावला आणि आम्हाला बाकावर बसवलं.

दहा मिनिटांनी एक नर्स खाली आली. तिशीची असेल. कमरेतून वाकली आणि म्हणाली, "मोशिवाके गोझाइमासेन." आम्ही याचं भाषांतर "माफ करा" असं करतो, पण शब्दशः अर्थ होतो, "सांगायला सबब नाही." आणि हे म्हणून झालं की सबब सांगायची. सबब अशी: आमच्याकडे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नाही, ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ आम्ही सांभाळू शकत नाही, आज रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ घरी आहेत, आणि तुमचं बाळंतपण आमच्याकडे नोंदवलेलं नाही. तुमचं नेहमीचं रुग्णालय कोणतं? त्यांना फोन करा.

आम्ही सांगितलं की त्यांनीच इकडे पाठवलंय. ती परत वाकली.

आई, इथवर मला राग नव्हता. २९ आठवड्यांचं बाळ तिथे जन्माला येऊन काय उपयोग, हे तुझ्या पोटी जन्मलेल्या मुलीला कळतं. पण मी तिला म्हणाले, घेऊ नका, निदान ठोके तरी ऐका. दोन मिनिटं. घट्ट व्हायला लागल्यापासून बाळ हललं आहे की नाही, मला आठवतच नव्हतं. ती गप्प झाली, वर जाऊन विचारून आली, आणि म्हणाली की तपासलं तर तुम्ही आमच्या पेशंट होता, आणि मग जबाबदारी आमची. हे तिने इतक्या हळू, इतक्या आदराने सांगितलं की तुझ्या जावयाने सवयीने मान डोलावली. नंतर तो त्या मान डोलावण्यावरून दोन दिवस जेवला नाही.

मग आम्ही रुग्णालयाच्या दारात बसून ११९ ला फोन केला. रुग्णालयाच्या दारात ॲम्ब्युलन्स बोलावणं! एरवी ऐकलं असतं तर हसले असते. पहारेकऱ्यांनी कुठूनतरी एक ब्लँकेट आणून माझ्या पायांवर टाकलं. त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

इथली ॲम्ब्युलन्स अग्निशमन दलाची असते, पैसे लागत नाहीत, तीन माणसं येतात. पण मला जे माहीत नव्हतं ते असं की ती लगेच निघत नाही. आधी एखादं रुग्णालय "आणा" म्हणायला हवं, मग चाकं फिरतात. दिवा वर फिरतोय, मी आत आडवी, गाडी जागच्या जागी, आणि एक तरुण मुलगा फोनवर फोन करतोय. परदेशी बाई, २९ आठवडे, रक्तस्राव, नाव नोंदणी इथे नाही. पहिल्याने नाही म्हटलं. दुसऱ्याकडे खाट नव्हती. तिसऱ्याने थांबायला सांगितलं आणि मग नाही म्हटलं. चाळीस मिनिटं तरी झाली असतील. त्या वेळात मी काय केलं सांगू? तू शिकवलंस तसं डाव्या कुशीवर वळले आणि घड्याळ लावून कळा मोजल्या. आठ-आठ मिनिटांनी येत होत्या.

चौथ्या फोनच्या वेळी त्या मुलाने विचारलं, "बोशी तेचो आहे का?" पिशवीत होती. ही माता-बाल आरोग्य पुस्तिका. दिवस राहिल्याची नोंद वॉर्ड ऑफिसात केली की हातात देतात, सोबत १४ तपासण्यांची कुपनं. प्रत्येक वेळचं वजन, रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, पोटाची उंची, रक्तगट, सगळं हाताने लिहिलेलं. १९४२ पासून गरोदर बायकांना अशी वही देतात म्हणे, युद्ध चालू होतं तेव्हापासून. मला ती नेहमी शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी वाटायची आणि कंटाळा यायचा. त्या मुलाने टॉर्चच्या उजेडात ती उघडली आणि फोनवर वाचायला सुरुवात केली. तारीख, आकडा, तारीख, आकडा. वार (प्लॅसेंटा) वर आहे, खाली नाही. साखर नाही. एकही तपासणी चुकलेली नाही. पलीकडचा आवाज बदलला. मला जपानी तितकंसं येत नाही, पण आवाज बदललेला कळतो. "आणा," म्हणाले.

सत्तर मिनिटांचा घाट. पोहोचल्यावर आधी ठोके ऐकवले. १४८. मी तेव्हा रडले, आधी नाही.

तुला हवी ती माहिती आता देते. गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी १८ मिलिमीटर उरली होती, तोंड उघडलं नव्हतं. बाळाच्या फुप्फुसांसाठी बेटामेथासोनची दोन इंजेक्शनं दिली, चोवीस तासांच्या अंतराने (तुम्ही डेक्सामेथासोनचे चार डोस द्यायचात, मी इथल्या डॉक्टरांना तसं सांगितलं तर ते खूश झाले). रक्त दुसऱ्या दिवशी थांबलं. रिटोड्रिन इथे आठवडेच्या आठवडे चालवतात. बऱ्याच देशांत दोन दिवसांच्या वर देत नाहीत, हे मी वाचलं होतं म्हणून विचारलं, तर डॉक्टरांनी चिडून न जाता समजावलं आणि डोस थोडा कमी केला. बाळ साधारण १६०० ग्रॅम. ३४ आठवडे होईपर्यंत इथेच, म्हणजे ५ डिसेंबर, मग ॲम्ब्युलन्सने नाही, आपल्या पायाने कावासाकीला. पैशाची काळजी नको. साधं बाळंतपण इथे विम्यात बसत नाही, त्यासाठी एकरकमी ५ लाख येन मिळतात, एप्रिल २०२३ पासून वाढवलेत. हे माझं मात्र आजारपणात धरतात, त्यामुळे विमा लागू आहे आणि महिन्याच्या खर्चाला वरची मर्यादा आहे.

वॉर्डात एक वयस्क सुईणबाई आहेत. रात्री पट्टा लावून ठोके तपासताना बोलतात. त्यांना मी त्या रात्रीचं सांगितलं तर म्हणाल्या, आमच्याकडे याला एक शब्द आहे, "ताराइमावाशी". डोंबाऱ्याच्या खेळात उताणं झोपून पायांवर लाकडी घंगाळ फिरवायचं आणि एकाच्या पायांवरून दुसऱ्याच्या पायांवर द्यायचं, ते. मी त्यांना आपला शब्द सांगितला, टोलवाटोलवी. त्यांनी तो तीन वेळा म्हणून पाहिला.

मग त्यांनी एकेक सांगितलं. ऑगस्ट २००६ मध्ये नारा प्रांतात बाळंतपणाच्या कळांत बेशुद्ध पडलेल्या एका बाईला घ्यायला अठरा-एकोणीस रुग्णालयांनी नकार दिला. मेंदूत रक्तस्राव होता. बाळ वाचलं, आई आठवड्याभराने गेली. २००८ मध्ये तसंच टोकियोत झालं, जिथे पावलोपावली रुग्णालयं आहेत तिथे. त्यानंतर टोकियोने काही मोठी रुग्णालयं ठरवून दिली, की आईच्या जिवावर बेतलं असेल तर यांनी नाही म्हणायचं नाही. कायदा तर १९४८ पासूनचा आहे: योग्य कारणाशिवाय डॉक्टरने उपचार नाकारू नये. पण खाट नाही, तज्ज्ञ नाही, ही "योग्य कारणं"च असतात. आणि दुसरी बाजूही त्यांनीच सांगितली. २००४ मध्ये फुकुशिमा प्रांतात सिझेरियनमध्ये एक बाई दगावली, वार आत चिकटली होती. २००६ मध्ये त्या डॉक्टरला अटक झाली, पोलिसांनी नेताना टीव्हीवर दाखवलं. २००८ मध्ये तो निर्दोष सुटला. पण तोवर पुष्कळांनी बाळंतपणं करणंच सोडलं, लहान गावांतले प्रसूती विभाग बंद पडत गेले. "जो उरलाय तो घाबरलेला आहे," त्या म्हणाल्या. ओळख नसलेली बाई म्हणजे कागद नसलेली बाई, आत काय निघेल सांगता येत नाही.

हे सगळं मला पटतं. पटून झाल्यावरही ठोके न ऐकल्याचं पटत नाही. घेऊ नका, पण ऐका. माझं भांडण तेवढ्याच दोन मिनिटांशी आहे, आणि त्या नर्सचा चेहरा आठवला की तिच्याशी भांडताही येत नाही, कारण तिला ऐकायचं होतं. तिच्या खिशातून डॉप्लरचं, ठोके ऐकायच्या यंत्राचं, टोक दिसत होतं.

आणि म्हणून आई, एक विचारायचं आहे. कित्येक दिवस मनात आहे.

तू घरी येऊन सांगायचीस, आज एक बाई कळा देतच आली, कागद नाही, तपासणी नाही, आणि मी म्हटलं, नाव नोंदवलं होतं का? ते वाक्य आम्ही घरात खेळात वापरायचो, आठवतं? मी दाराबाहेर उभी राहायची आणि धाकटी कमरेवर हात ठेवून विचारायची. तू हसायचीस. ओरडलीस तरी तू त्यांना आधी टेबलावर घ्यायचीस, कागद नंतर, हेही मला माहीत आहे. पण मी नववीत असताना एकदा तू रात्रपाळीवरून आलीस आणि आंघोळ न करता ओट्याशी उभी राहिलीस. बाबांना म्हणालीस, "सिव्हिलला न्या म्हटलं. काय करणार, रक्त नव्हतं, डॉक्टर नव्हते." बाबा म्हणाले, बरोबर केलंस. तू म्हणालीस, "रिक्षाने आले होते." मी आत जागी होते. पुढे काय झालं ते तू कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही.

ती पोहोचली का? आणि पाठवण्याआधी तू नळी लावून ठोके ऐकले होतेस का?

हे मी तुला टोचायला विचारत नाही. तसं वाटलं तर पत्र फाडून टाक. पण त्या रात्री गाडीत आडवी पडून मला सारखी ती रिक्षाच दिसत होती, आणि दाराशी तू दिसत होतीस.

उत्तर फोनवर देऊ नकोस, बाबा ऐकतात. लिहून पाठव, या पत्त्यावर ५ तारखेपर्यंत पोहोचेल असं. तुझं जानेवारीचं तिकीट बदलू नकोस, आहे तेच बरोबर आहे. येताना तुझी ती ॲल्युमिनियमची नळी घरात असेल तर आण. इथे सगळ्याची यंत्रं आहेत, तरी आण.

सलाइन संपत आली, सिस्टर येतेय. थांबते.

बाबांना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुझी,
थोरली