तपकीर गल्लीतल्या काकांना जाहीर आभार, आणि ओहमच्या चार गोष्टी

काका, सप्रेम नमस्कार.

आमच्या बेस गिटारचं हेड, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, आता बंद पडत नाही. गणपतीतले कार्यक्रम नीट पार पडले. बेस शेवटच्या गाण्यापर्यंत टिकला. ‘एवढ्याशा कामाचं काय,’ असं म्हणून तुम्ही लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात, म्हणून दुकानात राहून गेलेलं इथे जाहीर लिहितोय. पुण्यातल्या बेस वाजवणाऱ्या पोरांनी हे वाचावं, आणि तुमच्याआधी ज्या दोन दुकानांचे उंबरे झिजवले त्यांच्याही नजरेला पडलं तर वाईट नाही.

त्या दोघांचं आधी उरकून टाकतो. पहिल्याने लक्षण ऐकून घेतलं: मोठ्या आवाजात दोन-तीन गाणी झाली की हेड मुकं होतं, मिनिटभराने आपोआप परत येतं. त्यावर निदान, ‘वॉट कमी पडतात, मोठं हेड घ्या.’ दुसऱ्याने हेड ठेवून घेतलं आणि फोनवर सांगितलं की मॉड्यूल गेलंय, बोर्डच बदलावा लागेल. कॅब, म्हणजे स्पीकरची पेटी, घेऊन या, असं दोघांपैकी एकानेही म्हटलं नाही. हेडचा दोष असता तर ते टेबलावरही कधीतरी रडलं असतं. पण घरी एका कॅबवर ते ठणठणीत वाजत होतं, हे सांगूनही कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तुम्ही हेडकडे बघितलंही नाहीत. पहिला प्रश्न, ‘कॅब कुठायत?’

त्या प्रश्नातच निम्मं काम झालं होतं. पुढचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो, कारण हा घोळ फक्त आमच्याकडचा नाही. भाड्याने आणलेल्या, हातोहात विकलेल्या जुन्या कॅबमध्ये तो हमखास सापडतो.

आमचा एक कॅब चार दहा-इंची स्पीकरचा, दुसरा एका पंधरा-इंचीचा. दोन्हींच्या जॅकप्लेटवर, म्हणजे वायर खोचायच्या पट्टीवर, ‘८ ओहम’ छापलेलं. ओहम म्हणजे स्पीकरचा रोध, तो जितका कमी तितका हेडमधून करंट जास्त. हेड ५०० वॉटचं, पाठीवर ‘किमान ४ ओहम’. कागदावर हिशेब चोख: हेडमागचे दोन्ही स्पीकर-जॅक आतून पॅरललच (शेजारी-शेजारी जोडलेले, करंट दोन वाटांनी जातो असे) असतात, आणि एका कॅबमधून दुसऱ्यात वायर ओढली तरी तेही पॅरललच. आठ आणि आठ पॅरलल म्हणजे चार. बसायला हवं होतं.

तुम्ही मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवलात आणि आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्यात. ०.३ दिसले. ‘हे वायरचे, प्रत्येक वेळी वजा करायचे.’ मग हेडपासून पूर्ण सोडवलेल्या कॅबच्या वायरीला पिना लावल्यात. चार दहावाला: वजा करून ६.१. पंधरावाला: ३.४. त्या ३.४ वर तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. स्क्रूड्रायव्हर घेतलात, ड्रायव्हर, म्हणजे पेटीतला सुटा स्पीकर, बाहेर ओढलात आणि मॅग्नेटची पाठ आमच्याकडे फिरवलीत. त्यावर ‘४ ओहम’. कोणा एके काळी मूळचा पंधरा फाटला, कोणीतरी हाताला लागला तो बसवला, आणि जॅकप्लेटवरचं कारखान्याचं ‘८’ तसंच राहिलं.

म्हणजे हेडला प्रत्यक्षात आठ आणि चार पॅरलल मिळत होते. दोघांचा गुणाकार भागिले बेरीज: ३२ भागिले १२, म्हणजे २.६७ ओहम. चारच्या हिशेबाने बांधलेल्या हेडकडून त्याच आवाजाला दीडपट करंट खेचला जात होता. खोलीत सरावाला हे कळत नाही, कारण तिथे आवाजच कमी असतो. मांडवात आवाज चढला, खालचा ई सूर लांब धरला, की हेडचं प्रोटेक्शन लागणार. ते हेड बिघडलेलं नव्हतं. ते स्वतःला वाचवत होतं, आणि ज्यांनी ‘बोर्ड बदला’ म्हटलं ते चांगला बोर्डच काढून टाकणार होते.

मीटरवर आठच्या जागी सहा का दिसतात, हे तुम्ही न विचारता सांगितलंत, म्हणून इथेही नोंदवतो. मीटर फक्त स्पीकरमधल्या कॉइलच्या तारेचा डीसी रोध, म्हणजे सेलसारख्या सरळ करंटला होणारा रोध, मोजतो. आठ ओहम हा आकडा वाजत्या सिग्नलसाठी ढोबळमानाने दिलेला असतो आणि प्रत्येक सुराला बदलतो. कॅबच्या अनुनादाच्या जागी, म्हणजे ज्या सुराला तो आपोआप थरथरतो तिथे, तोच कॅब तीस ओहमच्याही वर जातो. म्हणून मीटरवर साधारण साडेपाच ते सात आले की कॅब आठचा समजायचा, तीन ते पावणेचार आले की चारचा, दहा ते तेरा आले की सोळाचा. ६.१ दिसले म्हणून ‘सहा ओहमचा कॅब’ असं कोणी सांगायला लागला, तर त्याच्याकडे मीटर असला तरी समज नाही. हॉर्न किंवा ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, या आकड्यात येत नाही, त्याच्यापुढे कपॅसिटर असतो आणि डीसी तिथे अडतो.

चार दहावाल्यात आठ-आठचे चार ड्रायव्हर आहेत. दोन-दोन सिरीज (एकामागे एक) करून सोळाच्या दोन जोड्या, आणि त्या जोड्या पॅरलल, म्हणून पुन्हा आठ. त्यातला एक जळाला की त्याचा सिरीजमधला जोडीदारही गप्प होतो, आणि मीटरवर सहाऐवजी बारा दिसतात. कॅब वाजतो पण अर्धा मेलेला वाटतो, तेव्हा आधी हे बघायचं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो ती. पंधरावाल्यात आठ ओहमचा ड्रायव्हर बसवून झाला, कॅब बंद झाला, पैसे देऊन झाले. तुम्ही मात्र गल्ल्यामागून पांढरी कापडी चिकटपट्टी काढलीत, एक वीतभर फाडलीत, मार्करने त्यावर लिहिलंत आणि जॅकच्या अगदी शेजारी अंगठ्याने दाबून बसवलीत. ‘ड्रायव्हर बदलला. ८. मीटरवर ५.९.’ खाली महिना आणि साल. मग जॅकप्लेटवरच्या छापील आठकडे बघून म्हणालात, ‘ते खरं होतं तेव्हाही खरं, आता परत खरं, पण मधे खोटं होतं. पुढच्याला कसं कळणार?’ हे काम बिलात नव्हतं. कोणी मागितलंही नव्हतं. आधीच्या कारागिराने ड्रायव्हर बदलताना हीच वीतभर पट्टी लावली असती, तर ना आमचे कार्यक्रम अर्धवट राहिले असते, ना त्या दोन दुकानांना आमच्या खिशाकडे बघायची संधी मिळाली असती.

आणि तुम्ही चारचा पंधरा तसाच ठेवून ‘एकेकच कॅब वापरा’ म्हणून मोकळे झाला असतात, तरी तांत्रिकदृष्ट्या चुकलं नसतं. चारचा एकटा या हेडला चालतोच. पण तो कुठल्याच दुसऱ्या कॅबबरोबर लावता आला नसता, आणि मांडवात घाईत कोणीतरी लावलाच असता. शिवाय आठ आणि चार एकत्र लावले की वाटणीही बिघडते: चारचा दोन तृतीयांश पॉवर ओढतो, आठच्या वाट्याला एक तृतीयांश उरते.

आठ-आठवर वाटणी निम्मी-निम्मी, तरीही एक मेख आहे आणि ती तुम्ही दाखवलीत. ५०० वॉट पूर्ण निघाले तर २५० चार दहावाल्यांना, म्हणजे एकेकाला साडेबासष्ट. उरलेले २५० एकट्या पंधराला. चार दहा आणि एक पंधरा या जोडीत आधी धापा टाकतो तो पंधरा, ‘मोठा आहे, सोसेल’ असं वाटत असलं तरी. त्यातही वॉट हे फक्त कॉइल किती तापेल त्याचं मोजमाप. खालचा ई ४१ हर्ट्‌झचा, पाच तारांच्या बेसचा बी तर ३१चा. त्या सुरांना कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, किती पुढे-मागे जाऊ शकतो ती हद्द वॉटच्या हद्दीच्या कितीतरी आधी येते, आणि हवेचं छिद्र ठेवलेल्या कॅबमध्ये, छिद्र ज्या सुराला बेतलेलं असतं त्याच्या खाली गेलं की कोनला हवेचा आधारच राहत नाही. फटफट आवाज आला की नॉब मागे. त्याला दुसरा इलाज नाही.

‘वॉट कमी पडतात’वाल्या महाशयांसाठी इथेच एक वाक्य. तेच हेड एका आठच्या कॅबवर ५०० ऐवजी साधारण अडीचशे-तीनशे वॉट देतं, आणि कानाला पडणारा फरक फार तर तीन डेसिबल. तसाच दुसरा कॅब जोडला तर पॉवरही वाढते आणि कोनचं क्षेत्रफळही दुप्पट होतं, सहा डेसिबलच्या जवळपास मिळतात. दुप्पट किमतीच्या हेडने हे मिळालं नसतं.

ट्यूबच्या हेडचा विषय तुम्ही एका वाक्यात संपवलात, पण तो पोरांनी लक्षात ठेवावा असा आहे. आमच्यासारखी ट्रान्झिस्टरची आणि क्लास डीची (ट्रान्झिस्टरचाच हलका प्रकार) हेडं कॅब न लावता चालू केली तर काही बिघडत नाही. त्यांना भीती कमी ओहमची. ट्यूबचं हेड मात्र कॅबशिवाय चालू करून वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं उसळतं की आतल्या आत ठिणगी पडून तो जातो. त्याला लोड, म्हणजे जोडलेला कॅब, हवाच, आणि मागचा ओहमचा सिलेक्टर कॅबच्या आकड्यावर हवा. १९६९ मध्ये आलेलं अँपेगचं एसव्हीटी ३०० वॉटचं. त्याच्या फ्रिजएवढ्या कॅबमध्ये आठ दहा-इंची, प्रत्येक ३२ ओहमचा, सगळे पॅरलल, म्हणून चार. असे दोन कॅब लावले की दोन ओहम, आणि ते हेड दोनसाठी बांधलेलंच आहे. ते चित्र बघून कोणी आपल्या क्लास डी हेडला दोन चारचे कॅब लावेल, तर त्याच्या हेडवर दोन लिहिलंय का ते आधी बघावं. लिहिलं नसेल तर नाही.

वायरीवरून तुम्ही चिडलात ते रास्तच होतं. हेड आणि कॅबमध्ये गिटारची शील्ड वायर लावलेली सापडली, वरून अगदी तशीच दिसते म्हणून. तिचा मधला तंतू केसाएवढा, वर जाळी. पिकअपच्या सिग्नलला ती बरोबर, स्पीकरच्या करंटला नाही. ती तापते आणि वितळली की थेट शॉर्ट. स्पीकरला दोन सुट्या जाड तारा हव्यात, निदान दीड चौरस मिलिमीटर, लांब ओढायची असेल तर अडीच. आणि जिथे जागा आहे तिथे स्पीकॉन, म्हणजे खास स्पीकरचा प्लग, त्यात १+ आणि १− ही टोकं वापरायची. पिळून बसतं, पाय अडकला तरी निघत नाही. साध्या जॅकचं टोक चालू हेडमध्ये अर्धवट ओढलं की क्षणभर शॉर्ट होतं, ते इथे होत नाही.

शेवटी तुम्ही पेन्सिल सेल काढलात. दीड व्होल्टचा, प्लस जॅकच्या टोकाला (टिप), मायनस त्याच्या मागच्या नळीला (स्लीव्ह), क्षणभरच. चार दहावाल्याचे चारही कोन पुढे आले. पंधराचा नव्याने बसवलेला कोनही पुढे आला. तो मागे गेला असता तर दोन्ही कॅब शेजारी ठेवल्यावर एकमेकांचा खर्ज खाऊन टाकला असता, आणि आम्ही पुन्हा ‘वॉट कमी पडतात’ ऐकायला कुठेतरी गेलो असतो. ड्रायव्हर बदलणारे पुष्कळ, सेल लावून बघणारा क्वचित.

दुरुस्तीच्या धंद्यात माणसं वाईटच असतात असं नाही, काका. बरेच जण घाईत असतात, आणि भाग बदलून बिल करणं हे शोधण्यापेक्षा सोपं पडतं. तुमच्याकडे मात्र गिऱ्हाइकाला मीटरचा आकडा दिसेल अशा बाजूला मीटर ठेवतात. निघताना ‘मोठं हेड घेऊ का?’ असं आमच्यातल्या एकाने विचारलंच, तर तुम्ही नाही म्हणालात. आमच्याकडून चार पैसे जास्त काढायची ती सरळ सरळ संधी होती.

एक काम आहे. त्या शील्ड वायरीच्या जागी दोन वायरी करून ठेवा: अडीच चौरस मिलिमीटर, एक दीड मीटरची, दोन्ही टोकांना स्पीकॉन. दुसरी तीन मीटरची, एका टोकाला स्पीकॉन आणि दुसऱ्याला साधा जॅक, कारण पंधरावाल्याला स्पीकॉनची जागा नाही. प्लेट बदलून तीही करायची असेल तर किती लागतील ते सांगा. ड्रमवाल्याच्या भावाचा एक दोन दहाचा कॅब आहे, त्यावर काहीच छापलेलं नाही. तोही घेऊन येतो, मीटर लावून बघू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चार दहा आणि एक पंधरावाला