गाळ काढताय, पण तो येतो कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी गावी जाऊन आलो. गाव पानशेतच्या मागच्या अंगाला, वेल्हे तालुका (आता राजगड तालुका म्हणायचं, जिभेला अजून सवय नाही). दोन दिवस झोडपून पाऊस झालेला, आणि धरणाचं पाणी अक्षरशः दुधाच्या चहासारखं दिसत होतं. मी म्हटलं काय पाणी आलंय! तर आमचे चुलते म्हणाले, "पाणी कसलं, आमचा डोंगरच चाललाय तुमच्या पुण्याला."

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. सरकारने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना काढली, चांगली आहे, गाळ शेतात जातो, कुणाचं नुकसान नाही. पण गाळ म्हणजे आभाळातून पडलेली वस्तू नाही ना, ती वरच्या उतारावरची मातीच, जी तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि वाहून जायला दोन पावसाळे पुरतात. ती खाली आल्यावर उपसायला पैसे आहेत, वर धरून ठेवायला काय करतो आपण?

तर चर खणतो. कृषी खात्याचं 'माथा ते पायथा' हे तत्त्व एकदम बरोबर आहे, आधी माथ्यावर पाणी अडवा मग खाली या. पण माथ्यावर जेसीबी चढत नाही आणि अनघड दगडी बांध माणसांनी हातानं रचावा लागतो, त्यामुळे होतं काय की जिथे मशीन पोचतं तिथेच काम निघतं, नाल्याचं खोलीकरण जोरात आणि माथा तसाच. दुसरं म्हणजे सलग समतल चर (उताराला आडवा, एका पातळीत खणलेला) हा पुरंदर-बारामतीकडे, जिथे पावसाची बोंब आहे, तिथे सोन्यासारखा उपाय आहे, पाणी मुरलंच पाहिजे. आमच्या मावळात तिकडचा वर्षाचा पाऊस दोन-तीन दिवसांत पडतो! चर भरतो, एका जागी फुटतो आणि तिथूनच नवीन ओघळ सुरू होते, आणि जे पाणी मुरतं ते खालच्या काळ्या पाषाणावर जाऊन थांबतं, वरची माती जड आणि सैल होते. उतार खडा असेल तर पुढे काय होतं ते सांगायला नको. ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर सकाळी सकाळी दरड कोसळून दीडशेच्या वर माणसं गेली. ती दरड नुसत्या पावसानं आली का डोंगरावर पडकईच्या नावाखाली झालेल्या सपाटीकरणानं, यावर तेव्हा खूप वाद झाला, मी काही जिऑलॉजिस्ट नाही. पण पडकई ही मूळची आदिवासी शेतकऱ्यांची पद्धत, सगळ्यांनी मिळून कुदळ-फावड्यानं खाचरं काढायची, दगडाची ताल (बांध) घालायची, हळूहळू. तेच काम मशीननं चार दिवसांत उरकायचं म्हटलं तर डोंगर ते सोसेलच असं नाही, एवढं शेतकऱ्याच्या पोरालाही कळतं.

झाडांचंही तेच. २०१९ ला ३३ कोटी झाडांचं टार्गेट होतं, आठवत असेल. आमच्या वरच्या पडीवर आधी करवंदीची जाळी आणि कारवी साफ केली (!!) आणि मग खड्डे घेऊन गिरिपुष्प (बाहेरून आलेलं, झटपट वाढणारं झाड) लावलं. अहो त्या कारवीनंच तर उतार धरून ठेवला होता, आणि करवंदीच्या जाळीत ऐन-जांभळाची रोपं गुरांपासून वाचून आपोआप वाढतात, फुकट. पण आपोआप वाढलेलं झाड कुठल्या रिपोर्टमध्ये लिहिणार? फोटो कुणाबरोबर काढणार?

आणि हो, दोष फक्त सरकारचाही नाही. फार्महाऊस प्लॉट घेणारे आपण पुणेकरच आहोत, रविवारी व्ह्यू पाहिजे म्हणून. डोंगर कापून लाल रस्ता काढतात, मोरी नाही, गटार नाही, सगळं पाणी एकाच वाटेनं खाली. मालकी जमिनीवरच्या वृक्षतोडीला १९६४ पासून कायदा आहे, परवानगी लागते, पण पाहणीला माणूस येईपर्यंत ट्रक निघून गेलेला असतो. पश्चिम घाट इको-सेन्सिटिव्ह एरियाचं (पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून राखायच्या भागाचं) तर विचारूच नका, गाडगीळ समितीचा रिपोर्ट २०११ चा, अधिसूचनेचा पहिला मसुदा २०१४ ला, जुलै २०२४ ला सहावा मसुदा निघाला. सहावा! गावातल्या लोकांना भीती की घर दुरुस्त करायलाही परवानगी लागेल, ती भीती खोटी का खरी हे गावात येऊन मराठीत नीट सांगितलं तर निम्मा विरोध मावळेल असं मला वाटतं.

माझं मागणं मोठं नाही. जास्त पावसाच्या उतारांसाठी कामांचं एस्टिमेट वेगळं करा, तिथे मशीन बंद, हातकाम रोजगार हमीतून द्या. नवीन रोपं लावण्याआधी उभं आहे ते राखा, आणि उन्हाळ्याआधी जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) वेळेत काढा, कारण वणव्यात गवत गेलं की जूनचा पहिला पाऊस उघड्या मातीवरच पडतो. आमच्या गावच्या देवराईत अजून कुणी फांदी तोडत नाही, तिथला ओढा परवाही नितळ होता, शेजारच्या ओढ्याला गढूळ लोंढा.

विश्वास बसत नसेल तर तुमचा फोटोग्राफर पाठवा, दोन्ही ओढे दाखवतो. पानशेतच्या पुढे थोडं चालावं लागेल, चांगले बूट घालून नका येऊ.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे